न वापरलेलं ‘मिनिट’

वॉर्निंगला घाबरणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून तुच्छता आहे. ही तुच्छता मी फुकट मिळवलेली नाही. वापीच्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये सव्वीस वर्षं बसून ती कमावलेली आहे. आमच्या पॅनलवर शंभरेक दिवे होते आणि त्यातले तीन कायम लुकलुकत असायचे. नवा इंजिनिअर आला की पहिल्या दिवशी खुर्चीवरून उडायचा. आम्ही जुने लोक त्या तीन दिव्यांवर जेवणानंतरचा नॅपकिन वाळत घालायचो. नवा इंजिनिअरही महिन्याभरात शहाणा व्हायचा आणि स्वतःचा नॅपकिन आणायचा.

पुढे कारखान्यानं मला स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी. मी बायकोला घेऊन डहाणूजवळच्या नरपडला, आमच्या वाडीत परत आलो आणि चिकूच्या झाडांखाली खुर्ची टाकून, इथं काय काय चुकीचं चाललंय ते बघू लागलो. ज्याला काम नसतं त्याला हे लगेच दिसतं.

सगळ्यात चुकीची गोष्ट मला विहिरीवर सापडली.

आमची विहीर सामायिक आहे. वाटणीत वाडी कापली, झाडं मोजून घेतली, घरामध्ये भिंत घातली, पण विहीर काही कापता आली नाही. त्यामुळे सकाळचं पाणी आमचं आणि संध्याकाळचं काकीचं. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यापासून भिंतीपलीकडे एकटी राहते, वाफ्यांत मेथी आणि मिरची लावते, आणि पिण्याला, स्वयंपाकाला याच विहिरीचं पाणी वापरते. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, असं तिचं म्हणणं. समुद्र आमच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारी साय. ती जास्त ओढली की खालून समुद्र वर येतो. आजूबाजूच्या दोन विहिरी अशाच गेल्या. त्यांत आता कुणी बादलीसुद्धा सोडत नाही.

म्हणून आमच्या विहिरीचा एक नियम आहे, माझ्या आजोबांच्याही आधीचा. आतल्या बांधणीत एका बाजूला एक काळा दगड जरा पुढे आलेला आहे. पाणी उतरत उतरत तो दगड पूर्ण उघडा पडला की मोटर बंद. पाळी कुणाची का असेना, झाडं अर्धी तहानलेली का असेनात. उन्हाळ्यात हे सगळं साधारण दीड तासात होतं.

हा दगड बघण्याचं काम मामांचं. मामा तलासरीकडच्या एका पाड्यावरचे, माझ्या लहानपणापासून आमच्या वाडीत. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला शेठ म्हणतात, आणि दोन्हींत काही खरं नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. मोटर लावली की ते काठावर बसायचे, बिडी पेटवायचे आणि दगडाकडे बघायचे. मधूनच उठून पाइपच्या तोंडाशी दोन बोटं धरायची, जिभेला लावायची, परत बसायचं. दीड तास.

मला हे बघवेना. एकविसाव्या शतकात एक धडधाकट माणूस दीड तास दगडाकडे बघत बसतो, याला काम म्हणायचं? मी हे भिंतीवरून काकीला बोलून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तू सव्वीस वर्षं दिव्यांकडे बघत बसलास. फरक इतकाच की तुला पगार जास्त होता.”

त्याच आठवड्यात मी डहाणूला प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लास स्टेशनच्या बाजूला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून पापडी तळल्याचा वास यायचा आणि त्या वासात आम्ही बाराजण तळहाताएवढ्या निळ्या बोर्डाला दिवे लावायला शिकायचो. बारातले अकरा माझ्या मुलीपेक्षा लहान. शिकवणारी मॅडमही तशीच, पंचविशीतली, रोज बोर्डीहून बसनं येणारी. ती मला काका म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायचो आणि मनात म्हणायचो, बाळ, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी मशिनं सांभाळली आहेत.

पहिल्याच दिवशी तिनं कंपायलरची ओळख करून दिली. आपण लिहिलेलं वाचून ते बोर्डाला कळेल अशा भाषेत उतरवणारा हा प्रोग्राम. मला तो लगेच ओळखीचा वाटला. तहसील कार्यालयातला खिडकीमागचा कारकून. अर्जात मोठी चूक असली तर अर्ज तोंडावर परत. ही एरर. छोटी खोड दिसली तर अर्ज घेतो, शिक्का मारतो, पण नाक मुरडून काहीतरी पुटपुटतो. ही वॉर्निंग. आता मला सांगा, शिक्का मिळाल्यावर कारकुनाचं पुटपुटणं ऐकत कोण उभं राहतं?

मॅडम राहायची. तिचा नियम होता, “माझ्या वर्गात वॉर्निंग शून्य पाहिजे.” क्लासच्या सगळ्या कॉम्प्युटरवर तिनं सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या वॉर्निंग दाखवायला लावल्या होत्या. पडद्याच्या खालच्या पट्टीत नारिंगी अक्षरं उमटली की ती अकरा पोरं लगेच वहीत उतरवून घ्यायची. मी त्यांच्याकडे नव्या इंजिनिअरकडे बघावं तसा बघायचो.

तिसऱ्या आठवड्यात मी माझा प्रोग्राम लिहायला घेतला. मोटर सुरू करायची, मिनिटं मोजायची, नव्वद झाली की बंद करायची. शेंबडं पोर लिहील इतकं सोपं. मिनिटं साठवायला एक डबा लागतो. त्याला व्हेरिएबल म्हणतात. मी त्याचं नाव ‘मिनिट’ ठेवलं. डबा पहिल्यांदा बनवताना त्याच्या आधी ‘इंट’ लिहायचं असतं, म्हणजे यात पूर्णांक राहणार हे मशिनला कळतं. प्रोग्रामला दोन खोल्या असतात. एक सुरुवातीची, जिच्यातलं काम बोर्ड चालू झाल्यावर एकदाच होतं, आणि दुसरी फेऱ्यांची, जिच्यातलं काम वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा होत राहतं. मी डबा सुरुवातीच्या खोलीत बनवला. सुरुवात तिथंच करायची असते ना. आणि फेऱ्यांच्या खोलीत तो मोजायला घेतला.

कंपायलरनं अर्ज तोंडावर फेकला. एरर. मजकूर इंग्रजीत होता, आशय असा की ‘मिनिट’ हे इथं कुणी जाहीर केलेलं नाही.

इथं माझ्यातला संस्कारी माणूस जागा झाला. मी जुन्या वळणाचा पत्रलेखक आहे. आमच्या घरच्या पत्रांत काकीचा उल्लेख आला की दर वेळी ‘ती. काकी’ असंच लिहायचं. वरच्या ओळीत एकदा ‘ती.’ लिहिलं म्हणून खालच्या ओळीत नुसतं ‘काकी’ लिहिलं, तर वडील पत्र परत लिहायला लावायचे. मला वाटलं, कारकुनाचाही असाच मान असणार. खोली बदलली, आता पुन्हा ‘इंट’ लावून पूर्ण नावानं हाक मारायला हवी. मी फेऱ्यांच्या खोलीत पहिल्याच ओळीत आदरपूर्वक पुन्हा लिहिलं, इंट मिनिट, बरोबर शून्य.

एरर गेली. माझ्या शिष्टाचारावर खूश होऊन मी मागे टेकलो. खालच्या पट्टीत एक नारिंगी ओळ आली होती. तिचं म्हणणं, सुरुवातीच्या खोलीतलं ‘मिनिट’ कुठंच वापरलेलं नाही.

मी हसलो. चार ठिकाणी वापरलं होतं मी ते. आंधळा कारकून. शेजारच्या पोरानं वाकून बघितलं आणि “काका, वॉर्निंग आलीय” म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या वहीत लिहून घे.

मग मी चाचणी घेतली. खरा माणूस चाचणीवर विश्वास ठेवतो, पुटपुटण्यावर नाही. नव्वद मिनिटं क्लासमध्ये कोण थांबणार, म्हणून नव्वदच्या जागी एक घातला आणि मोटरच्या जागी एक लाल दिवा जोडला. दिवा लागला. सगळे बघत राहिले. बरोबर एका मिनिटानं दिवा विझला. अकरा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम फोनवर बोलायला गॅलरीत गेली होती. माझं नशीब बघा, नेमकी तेवढीच दोन मिनिटं ती वर्गात नव्हती.

घरी येऊन लॅपटॉपवर मी तोच प्रोग्राम घेतला, एकाच्या जागी नव्वद लिहिला आणि सेटिंगमध्ये जाऊन वॉर्निंग पूर्ण बंद केल्या. खालची पट्टी स्वच्छ झाली. इतका निर्मळ आनंद मला नॅपकिन वाळत घालतानाही झाला नव्हता.

वायरमनला बोलावून निळा बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात बसवला आणि मोटरच्या स्टार्टरला जोडून घेतला. मामा बाजूला उभे होते. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं.

“शेठ, हा दगड बघतो का?”

“दगड नाही. मिनिटं मोजतो.”

“मंग दगड कोन बघनार?”

मी त्यांना समजावलं की दगड बघायची गरजच राहिलेली नाही, दीड तास म्हणजेच दगड, तुम्ही आता झाडांखालची सफाई करा. ते “बरं शेठ” म्हणाले. हे बरं शेठ मला ओळखीचं आहे. मी लहानपणी झाडाच्या शेंड्याला चढतो म्हणालो की ते असंच बरं म्हणायचे आणि जाऊन खाली उभे राहायचे.

त्याच दिवशी मी पंपघराला कुलूप लावलं. चांगलं पितळेचं, जाड. कारण सांगितलं की बोर्ड नाजूक आहे. खरं कारण भिंतीपलीकडे राहत होतं. काकीनं येऊन माझ्या यंत्रात बोट घालू नये, इतकीच माझी इच्छा. तिची संध्याकाळची पाळीही मीच सुरू करून देणार, म्हणजे तिलाही कळेल प्रगती कशाला म्हणतात.

पाण्याची पुढची पाळी दोन दिवसांनी होती, तोच पहिला प्रयोग. मामांच्या भाचीचं लग्न तलासरीला होतं. ते दोन दिवसांची सुट्टी मागत होते, मी चार दिली. ते म्हणाले, शेठ, पहिल्या दिवशी तुम्ही काठावर बसा. मी हो म्हटलं. सकाळी साडेसातला मोटर सुरू केली, पंपघराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि डहाणूच्या बसमध्ये बसलो. काठावर बसायचं असतं तर एवढं शिकलो कशाला? साडेनऊच्या क्लासमध्ये मला सांगायचं होतं की मी इथं बसलो आहे आणि तिकडे नरपडला माझी मोटर नऊ वाजता आपोआप बंद झाली आहे.

मी ते सांगितलंही. अगदी सविस्तर. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मॅडम म्हणाली, वा काका, आपण सगळ्यांना दाखवू या. माझा प्रोग्राम मी तिला आदल्या रात्रीच पाठवला होता. आधी तिनं पोरांचे तीन प्रोग्राम तपासले आणि मग माझा मोठ्या पडद्यावर उघडला. कंपायलर चालवला. तिच्या मशिनवर वॉर्निंग चालू होत्या. खाली तीच नारिंगी ओळ, या वेळी भिंतभर.

मॅडमनं ती मोठ्यानं वाचली. पोरं हसली. मी उभा राहिलो आणि शांतपणे, वडीलकीच्या नात्यानं, सांगितलं की हे मशिन चुकतंय. ‘मिनिट’ चार ठिकाणी वापरलंय, मोजून घ्या.

“काका, तुम्ही दोन ‘मिनिट’ बनवलीत,” ती म्हणाली. “वरच्या खोलीतलं तुम्ही बनवलंत आणि दार लावून विसरलात. ते त्या खोलीबाहेर कुणाला दिसत नाही. मशिन तेवढंच सांगतंय.”

“मग खालचं आहे ना. मोजतंय ना ते.”

“खालचं दर फेरीला नवीन बनतं. शून्यापासून. एक होतं, फेरी संपते, डबा जातो. पुढच्या फेरीला परत नवा डबा, परत शून्य. ते नव्वद कधी होणार?”

मी म्हटलं की चाचणीत चाललं होतं, सगळ्यांनी बघितलंय, टाळ्या वाजवल्यात.

“किती मिनिटं लावली होती?”

“एक.”

तिनं नुसतं एक बोट वर केलं. बोलायची गरज नव्हती. एक व्हायला एकच फेरी लागते, हे मागच्या बाकावरच्या पोरालाही कळलं. मलाही कळलं. सव्वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेल्या माणसाला कळायला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ लागला, एवढंच.

“काका,” मॅडम म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला होता, “तुमची मोटर आत्ता कुठे आहे?”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

जिना उतरताना मी काकीला फोन लावला. आम्ही भिंतीवरून टोमणे मारतो, फोनवर बोलत नाही. तिनं पहिल्या रिंगला उचलला, यावरूनच मला कळायला हवं होतं.

“काकी, मोटर बंद कर गं.”

“दगड केव्हाच उघडा पडला. खालचे दोन थर दिसतायत. जन्मात बघितले नव्हते मी ते.”

“म्हणून म्हणतोय, बंद कर.”

“कुलूप कुणी लावलंय?”

“मी.”

“किल्ली कुठाय?”

“खिशात.”

“कुणाच्या?”

तिनं सांगितलं की तिनं वरवंटा घेऊन कुलपावर घालून बघितला, कुलूप चांगलं आहे. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. पुतण्यानं निवडलेल्या वस्तूचं तिनं आयुष्यात केलेलं हे एकमेव कौतुक.

शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. मी अख्खी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला घाई करत राहिलो. त्यानं आरशातून बघून विचारलं, कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, विहीर. त्यानं वेग जरा कमीच केला.

पंपघराचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी गरम हवा आली. माझा निळा बोर्ड इमानेइतबारे मोजत होता. एक. एक. एक. मी मेन स्विच खाली ओढला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत विहिरीच्या तळातून बारीक बुडबुड ऐकू येऊ लागली. खालून पाणी येत होतं. कुठलं पाणी ते विचारायची मला हिंमत होत नव्हती.

काकी पाइपच्या तोंडाशी उभी होती. तिच्या हातात काचेचा ग्लास होता. मी मोटर बंद करण्याआधी तिनं शेवटचं पाणी त्यात धरून ठेवलं होतं.

“पी.”

मी एक घोट घेतला. मचूळ म्हणतात तसं नव्हतं ते. सरळ खारं होतं. मी ग्लास खाली ठेवू लागलो.

“सगळं पी,” ती म्हणाली. मी प्यायलो.

मामा लग्न सोडून दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. बोलवायला मी फोन केला नव्हता. काकीनं केला असणार. त्यांनी बादलीनं वरवरचं पाणी काढलं, दोन बोटं बुडवली, जिभेला लावली आणि बाजूला थुंकले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, “आता कुनी हात लावायचा नाय. ना सकाळी, ना सांजच्याला. गोडा पानी वर येतो का बघू.”

“आणि नाही आला तर?”

ते शेजारच्या वाडीतल्या विहिरीकडे बघत राहिले, ज्यात कुणी बादली सोडत नाही.

माझ्या झाडांचं फार बिघडलं नाही. चिकू जुनं झाड, थोडा खार पचवतं, यंदा फळ बारीक धरेल इतकंच. काकीच्या मेथीचं तसं नव्हतं. माझ्या मोटरनं सकाळभर सोडलेलं पाणी पाटातून तिच्या वाफ्यांतही शिरलं होतं. आठवड्यात कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग वाफाच्या वाफा भाजल्यासारखा. तिनं तो उपटला, भिंतीजवळ आणून ढीग घातला, माझ्या खुर्चीतून नीट दिसेल अशा जागी.

मी सरावलीच्या एका ओळखीच्या माणसाच्या बोअरवेलवरून पाणी आणायला लागलो. रोज सकाळी स्कूटरवर दोन कॅन, एक पायांत, एक मागे बांधलेला. दोन्ही काकीच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे. ती आतून म्हणायची, ठेव तिथं. पहिले चार दिवस एवढाच संवाद.

पाचव्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळेला भिंतीवर एक वाटी येऊन बसली. आत वरण होतं. माझ्या बायकोनं ती आत आणली आणि माझ्या ताटात ठेवली. मला बरं वाटलं. राग निवळला वाटतं. मी भातावर घेतलं, घास तोंडात घातला. डाळ कच्ची होती. दाणा न दाणा सुटा, दाताखाली करकर.

मी भिंतीपाशी गेलो. काकी तिथंच उभी होती.

“दोन तास शिजवली,” ती म्हणाली. “विहिरीच्या पाण्यात. पाण्यातला खार जाईपर्यंत रोज मूठभर शिजवणार आहे आणि रोज तुला पाठवणार आहे. खायची आणि सांगायचं, शिजली की नाही.”

“अगं, बघून पण कळतं.”

“बघून तुला काय काय कळतं ते बघितलंय मी.”

त्यानंतर वाटी रोज आली. रोज बाराच्या सुमारास, रोज करकरीत. मी पानावर बसायच्या आधी भिंतीकडे नजर टाकायचो आणि वाटी दिसली की भात कमी वाढून घ्यायचो. कंपायलरच्या नारिंगी ओळीला मी सेटिंगमध्ये जाऊन गप्प केलं होतं. इथं सेटिंग नव्हतं. एकदा मी न खाताच कुंड्यांत ओतली आणि “जरा बरी होती आज” असं सांगितलं. संध्याकाळी काकी कुंड्यांपाशी येऊन उभी राहिली, बोटानं एक दाणा माती झटकून उचलला, माझ्यासमोर धरला आणि निघून गेली. त्यानंतर मी एकही वाटी चुकवली नाही.

प्रोग्राम दुरुस्त करायला मला किती वेळ लागला हे सांगायची लाज वाटते, म्हणून सांगतो. खालच्या खोलीतली ती आदरार्थी ओळ अख्खी काढली, वरच्या खोलीतलीही काढली, आणि दोन्ही खोल्यांच्या बाहेर, ओसरीवर म्हणा, एकच डबा ठेवला, जो दोघींनाही दिसतो आणि फेरी संपली तरी रिकामा होत नाही. चहा निवायच्या आत झालं. सगळ्या वॉर्निंग चालू केल्या. एकही ओळ आली नाही. मी मॅडमला दाखवायला घेऊन गेलो. या वेळी नव्वद मिनिटं पूर्ण बसून चाचणी घेतली, अकरा पोरं घरी गेली तरी. दिवा नव्वदाव्या मिनिटाला विझला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मॅडम पर्स खांद्याला लावून दारात उभी होती, तिची बोर्डीची बस चुकली होती. म्हणाली, “काका, आता प्रोग्राम बरोबर आहे. पण तुमच्या विहिरीला खरंच नव्वदच मिनिटं लागतात, हे कुणी मोजलंय?”

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, कधी दीड तास, कधी सवा. भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा. म्हणून तर दगड.

म्हणजे इतकी वर्षं ते दगडाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघून घड्याळ लावत होतो. बोर्डाचा डबा मी उघडला, वायर सोडवल्या आणि पंपघराच्या फळीवर ठेवला. कुलूप काढून काकीच्या ओट्यावर ठेवून आलो. तिनं ते धान्याच्या कोठीला लावलं.

पाऊस सुरू झाला, विहीर हळूहळू भरली, पण वाटी येतच होती. डाळ आधी पूर्ण कच्ची, मग अर्धी, मग वरून मऊ आणि आत खडा. मी आता त्यात तरबेज झालो होतो. एक दाणा जिभेवर ठेवला की आज कालच्यापेक्षा किती बरी आहे ते सांगू शकायचो. काकी ऐकून घ्यायची. मामा रोज दोन बोटं जिभेला लावायचे, आता थुंकत नव्हते, पण गिळतही नव्हते. तोंडात धरून विचार करायचे.

मग एक दिवस वाटी आली नाही.

बारा वाजले, साडेबारा वाजले. मी पानावर बसलो, उठलो, भिंतीपाशी जाऊन आलो. एक वाजला. मला वाटलं, झालं, हिनं आपला नाद सोडला, विहीर गेली असं ठरवून टाकलं. नाहीतर तिला बरं नसेल. दोन्ही विचार सारखेच वाईट होते. मी चप्पल न घालता तिच्या ओट्यावर गेलो. माझे सकाळचे दोन्ही कॅन तिथं तसेच होते, बूचसुद्धा न काढलेले.

काकी आत पाटावर बसून जेवत होती. ताटात भात होता आणि भातावर पिवळंधमक, एकजीव वरण.

“आज वाटी नाही आली,” मी दारातून म्हटलं.

तिनं घास संपवला, पाणी प्यायली. तांब्या विहिरीच्या पाण्याचा होता, बाहेरून ओला.

“शिजली,” ती म्हणाली. “शिजलेली डाळ तुला कशाला पाठवू? आणि ते कॅन उचल तिथले, पायात येतात.”